तांब्याच्या गोळ्याऐवजी कॅडेट

विशिष्ट उष्माधारकतेचे गणित परीक्षेत ठरलेले असते. तांब्याचा गोळा तापवला, पाण्यात टाकला, अंतिम तापमान काढा. आमचे कॅडेट ते बिनचूक सोडवतात. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून माझा आक्षेप आहे तो त्या गोळ्याला. त्याच्या जागी कॅडेट घ्यावा.

मानवी शरीराची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे, अंशामागे सुमारे ३.५ ज्यूल, पाण्याची ४.२. म्हणजे ६० किलोच्या मुलाला एक अंशाने तापवायला सुमारे २,१०,००० ज्यूल लागतात. पिट्टू बांधून जोरात धावताना शरीरात सेकंदाला ७०० ज्यूल उष्मा तयार होतो असे धरू. तो बाहेर पडलाच नाही, तर दर पाच मिनिटांना ताप एक अंशाने चढेल. ३७ वरून ४० अंश, पंधरा मिनिटांत! तिथून पुढे उष्माघात.

'धारकता' हा शब्दच जरा फसवा आहे. ऐकून वाटते, शरीर म्हणजे उष्मा साठवायची टाकी, आणि टाकी मोठी म्हणजे काळजी नाही. खरे तर जास्त धारकतेची वस्तू फक्त सावकाश तापते. तापायची थांबत नाही.

थांबवतो तो घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल घेऊन जातो. वरच्या हिशेबाने तासाला लिटरभर घाम वाळायला हवा. वाळायला हवा, नुसता ठिबकलेला काही नेत नाही. मुंबई-कोकणातली मुले इथे राजस्थानात येतात तेव्हा याच ठिकाणी चकतात. तिकडे घामाने गंजी चिकटते, इथे कातडी कोरडीच राहते. 'सर, घामच येत नाही, पाणी कशाला?' घाम येतो, दिसायच्या आत उडतो. शिवाय हवा ४२ अंशांवर असली की तीही कातडीला उष्माच देते, त्यामुळे आपला लिटरभराचा हिशेब इथे कमीच पडतो.

तरीही धावताना पाणी मागणारा कच्चा, ही समजूत अनेक मैदानांवर टिकून आहे. ती सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे जाते आणि पालकांनाही कधी कधी कौतुकाची वाटते. मला ती भौतिकशास्त्रात नापास वाटते.

सहामाहीच्या प्रात्यक्षिकात मी एवढेच ठेवीन: धावण्याआधी आणि नंतर वजन करा, मध्ये प्यालेले पाणी मिळवा, घाम काढा, त्यावरून उष्मा काढा. वजनकाटा एमआय रूममध्ये आहेच. तो मैदानावर न्यायला कोणाची सही लागते, तेवढे कळवावे.