गिरणी सावकाश हवी

‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्यावर टिचकी मारल्यावर जुनाच पासवर्ड एसएमएसने परत येत असेल, तर त्या ॲप्लिकेशनची वेगळी तपासणी करायची गरज उरत नाही. जो पासवर्ड सर्व्हर परत पाठवू शकतो, तो सर्व्हरवर हात मारणारा कोणीही वाचू शकतो. मुंबई-आग्रा महामार्गावरची घोटी भाताच्या गिरण्यांची. भात गिरणीत घातला की तांदूळ निघतो, पण तांदळाला पुन्हा तूस चढत नाही. पासवर्डवरून काढलेला हॅशही तसाच एकेरी. लॉगिनच्या वेळी आलेला पासवर्ड त्याच गिरणीतून काढायचा आणि निघालेला दाणा साठवलेल्याशी ताडून पाहायचा, मूळ भात कोठारात ठेवायचाच नाही. इथवर बहुतेकांना मान्य असते. मतभेद सुरू होतो तो गिरणीच्या वेगावरून. गिरणीवाल्याला वेग हवा असतो, आपल्याला मात्र मुद्दाम मंद गिरणी हवी.

कारण गिरणी चोराकडेही असते. डेटाबेस हाती आला की तो अंदाजाने एकेक शब्द दळतो आणि जुळतो का ते पाहतो. आरटीएक्स 4090 हे एकटे ग्राफिक्स कार्ड एमडी-5 या जुन्या, वेगवान पद्धतीचे सेकंदाला दीडशे अब्जांहून अधिक हॅश काढते. इंग्रजी लहान लिपीतल्या आठ अक्षरांच्या सगळ्या मिळून सुमारे 209 अब्ज जुळण्या होतात, म्हणजे दीड सेकंदाचे काम. तेच कार्ड मुद्दाम मंद केलेल्या, खर्चांक 12 च्या बीक्रिप्टपुढे सेकंदाला जेमतेम हजार-दीड हजारांवर येते आणि त्याच जुळण्यांना चार-पाच वर्षे लागतात. ही कल्पना नवी नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्येच युनिक्ससाठी मुद्दाम सावकाश केलेली पद्धत आणि प्रत्येक पासवर्डला वेगळा सॉल्ट (हॅशआधी मिसळायचा यादृच्छिक मजकूर) यांची मांडणी केली होती. तरीही 2012 मध्ये लिंक्डइनचे हॅश बाहेर आले ते बिनसॉल्टच्या शा-1 चे. तेहतीस वर्षे भाजी अळणीच राहिली.

‘आमची पतसंस्था, आमची शाळा, इथे चोरण्यासारखे आहे काय?’ हा आक्षेप छोट्या गावांत काम करणाऱ्या विकासकांकडून हमखास येतो. पण चोराला संस्थेचा ताळेबंद नको असतो. सभासदाने हाच पासवर्ड ईमेललाही लावलेला असतो, आणि मोलाची चावी तीच. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीतला पहिला शब्दच ‘पासवर्ड’ आहे. त्या यादीत संस्थेच्या आकाराचा उल्लेख नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर मंद हॅश परवडतो का? सभासद दिवसात एखाद-दोनदा लॉगिन करतो आणि त्यानंतर सेशन चालते. मंद हॅशला लागणारा पाव सेकंद त्याला जाणवणारही नाही. लॉगिनच्या पानावर कोणी विनंत्यांचा भडिमार केला तर मात्र सर्व्हर गुदमरेल, म्हणून प्रयत्नांवर मर्यादा घालावीच लागते. ती एरवीही हवीच होती. आणि पासवर्ड म्हणजे सभासदाची जन्मतारीखच असेल, तर कोणतीही गिरणी वाचवणार नाही: शंभर वर्षांतल्या साडेछत्तीस हजार तारखा बीक्रिप्टलाही अर्ध्या मिनिटात संपतात. मोबाइल क्रमांक तर शेजारच्या रकान्यातच लिहिलेला असतो. हे दोन्ही नोंदणीच्याच वेळी नाकारले पाहिजेत.

मराठी वापरकर्त्यांसाठी लिहिणाऱ्यांना एक खास अडचण आहे. बीक्रिप्ट फक्त पहिले 72 बाइट पाहते, आणि पीएचपीसह अनेक ठिकाणी उरलेले गुपचूप कापले जातात. इंग्रजीत ही 72 अक्षरे झाली. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, तीन बाइट घेते. म्हणजे उरतात चोवीस चिन्हे. ‘घोटीचा तांदूळ इगतपुरीचा पाऊस’ हा उत्तम लांब पासवर्ड 78 बाइटांचा होतो. त्यातला शेवटचा ‘ऊस’ गळतो, आणि ‘पाऊस’च्या जागी ‘पाणी’ लिहिले तरी दार उघडते. जरा गंमत वाटते, पण 2024 मध्ये ऑक्टासारख्या ओळख-पडताळणीच्याच कंपनीला याच मर्यादेने गाठले: वापरकर्तानाव 52 अक्षरांचे किंवा त्याहून लांब असले की काही परिस्थितींत पासवर्डच हिशेबाबाहेर राहत होता. आर्गॉन2आयडी या दुसऱ्या मंद पद्धतीला ही मर्यादा नाही. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्पच्या शिफारशीप्रमाणे 19 मेबीबाइट स्मृती, दोन फेऱ्या आणि एक धागा एवढ्यावर ते भागते, म्हणून नव्या कामासाठी आमचा कौल त्यालाच. मात्र ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन कळफलकांवर दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी उमटू शकतो, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण त्या दोन रूपांना एक करत नाही. मग बरोबर पासवर्डही नाकारला जातो, म्हणून ती रूपे एक करण्याचा नियम हॅशच्या आधी आपणच लिहायचा.

पडताळणीची ओळही स्वतः लिहू नये. पीएचपीत 240610708 आणि क्यूएनकेसीडीझेडओ (रोमन मोठ्या अक्षरांत) या दोन वेगळ्या मजकुरांचे एमडी-5 ‘0ई’ने सुरू होतात आणि पुढे सगळे अंकच येतात. दुहेरी बरोबर-चिन्ह त्या दोघांनाही शून्य समजून एकच ठरवते. भाषेने दिलेले पडताळणीचे फंक्शन नेमके याचसाठी आहे.

उरतो शेवटचा आक्षेप: जुने हजारो एमडी-5 हॅश आहेत, सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगायचे का? नाही. त्या हॅशवरच आजच्या रात्री आर्गॉन2आयडी चढवता येते, आणि सभासद पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हा मूळ पासवर्डावरून नवा हॅश लिहिता येतो. त्याआधी रकान्याची रुंदी 32 वरून 255 करावी लागेल. आणि जुन्या बॅकअपच्या फायलींत तेच एमडी-5 अजून पडून आहेत, त्या कोणाच्या पेन ड्राइव्हवर आहेत हेही त्याच रात्री शोधावे लागेल.