इंजिनाचे तेल आणि मालकाची नजर

बैलांस वैरण घालण्याचे काम गड्यावर सोपविले, तरी रात्री गव्हाणीकडे एक नजर टाकल्यावाचून खरा खातेदार अंथरुणास पाठ लावीत नाही. परंतु ज्या ट्रॅक्टरात आज बैलजोडीच्या कित्येक पट पैसा गुंतला आहे, त्याच्या इंजिनात कोणते तेल आहे, ते केव्हा घातले व त्यावर किती तास काम झाले, असे विचारले असता आमच्या साक्री तालुक्यातील पुष्कळ मालक मिस्त्रीकडे बोट दाखवितात. आमच्या मते हे भूषणावह नाही. तेल बदलण्याचे काम मालकाने स्वतःच्या खळ्यात, स्वतःच्या हाताने करावे, त्याची नोंद ठेवावी आणि निघालेल्या काळ्या तेलाची वाटही स्वतःच लावावी, हे सांगण्यासाठी आजचा हा लेखप्रपंच आहे.

आम्ही महसूल खात्यात पुष्कळ वर्षे कारकुनी केली. चावडीत बसून लिहिलेला पीकपेरा शेतातील पिकाशी जुळत नाही, हे आम्ही जन्मभर इतरांस सांगत आलो, आणि घरच्या ट्रॅक्टरविषयी नेमकी तीच चूक आम्ही केली. तेल वेळच्या वेळी बदलले जाते, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः कमी पडेल तेवढेच वरून ओतले जात होते. जुने तेल वर्षभर कोणी काढलेच नव्हते. ऐन पेरणीत इंजिन जाम झाले व क्रँकचे बेअरिंग घासून गेले. भाड्याचा ट्रॅक्टर मिळेपर्यंत वाफसा निघून गेला. दुरुस्तीचे पैसे पुढे फिटले, पण गेलेला वाफसा काही परत आला नाही. यात दोष गड्याचा नव्हता. न पाहता सही करणाराचा होता.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील काळात विहिरीविहिरींवर डिझेलची इंजिने धडधडू लागली. हँडल मारून इंजिन सुरू करणाऱ्या त्या पिढीस त्याचा आवाज व त्याची भूक दोन्ही ठाऊक असत. नंतर विजेची मोटार आली. कळ दाबताच पाणी येऊ लागले आणि हाताची सवय मोडली. त्यानंतर घरोघर ट्रॅक्टर आले खरे, पण ती सवय परत आली नाही.

तेल का बदलावे लागते, हे प्रथम समजून घ्यावे. तेलाचे काम केवळ वंगणाचे नाही. ते उष्णता वाहून नेते, डिझेलची काजळी आपल्यात धरून ठेवते आणि जळणातून निर्माण होणारे आम्ल मारते. नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, ते काजळी धरून ठेवल्यामुळे. म्हणून रंगावरून निर्णय करू नये, तासांवरून करावा. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बहुधा ५० तासांनी व पुढे साधारणतः दर २५० तासांनी बदलतात. तथापि आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा. तेलाची जात व माप हीही त्याच पुस्तिकेत पाहावी. उन्हाळ्याच्या धुळीत व मळणीच्या भुशात काम करणाऱ्यांनी हवेच्या फिल्टरकडेही वरचेवर लक्ष द्यावे, कारण आत शिरलेली धूळ तेलात मिसळली की कानशीसारखे काम करते.

कृती अवघड नाही. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन काही मिनिटे चालवावे व बंद करावे. कोमट तेल पातळ होऊन गाळासह निघते. मात्र कढत तेलात हात घालू नये. चेंबरखाली घमेले ठेवून खालचा नट योग्य मापाच्या पान्याने सोडावा आणि पाव तास तेल निथळू द्यावे. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या फिल्टरच्या कडीस तेलाचे बोट फिरवून तो हातानेच आवळावा. नटाचा वॉशर नवा घालावा व नट बेताने आवळावा. जोर केल्यास आटे जातात. मग मापाने तेल ओतून काठी पाहावी. वरच्या खुणेपेक्षा अधिक तेल घालणे हेही कमी घालण्याइतकेच वाईट. इंजिन सुरू केल्यावर तेलाच्या दाबाचा दिवा लगेच विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. थोडे चालवून गळती पाहावी, आणि बंद करून काही वेळाने पुन्हा काठी पाहावी. घरची मोटार असल्यास केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही शिरू नये.

निघालेले तेल पाहणे हीच मालकाची खरी पाहणी होय. ते दुधाळ असेल तर पाणी शिरत आहे. काठीवरील पातळी आपोआप वाढत असेल व डिझेलचा वास येत असेल तर इंधन गळत आहे. धातूचा चकाकता कीस दिसला तर बेअरिंग बोलू लागले आहे. अशा वेळी मिस्त्रीस अवश्य बोलवावे. आम्ही मिस्त्रीचा धंदा बुडवू इच्छीत नाही. रोग अंगावर काढून मग त्याच्याकडे धावू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. वॉरंटी चालू असेल तोवर मात्र तिच्या अटी पाळाव्यात व पावत्या जपाव्यात.

आता काळ्या तेलाविषयी. ते बांधावर ओतणे, वाळवीसाठी मेढींस फासणे, गुरांच्या जखमेस लावणे, या चाली आमच्याकडे आहेत. त्या सोडल्या पाहिजेत. त्यात झिजलेल्या धातूंचा अंश असतो आणि ते वारंवार कातडीस लागणे कर्करोगास निमंत्रण देणारे आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणलेले आहे. शिवाय आपण पांझरेच्या फडांचे वारस आहोत. फडाचे पाणी एकट्याचे नसते. वरच्याने चारीत ओतलेले खालच्याच्या वाफ्यात उतरते.

म्हणून आमची संस्थेस विनंती आहे की, तिने आपल्या गोदामाशी एक झाकणाचे पिंप ठेवावे, सभासदांनी आणलेले तेल त्यात जमा करावे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडेच ते द्यावे. त्यात पाणी अथवा डिझेल मिसळू नये, म्हणजे ते पुन्हा वंगणाच्या कामी येऊ शकते. सभासदांनी एक साधी वही घालावी व तीत तारीख, मीटरचे तास, तेलाची जात, माप आणि निघालेल्या तेलाचा शेरा अशी पाच सदरे आखावीत. वही लिहिताना यंत्रापाशी उभे राहावे, घरात बसून लिहू नये. एवढे केले तर पुढच्या पेरणीत वाफसा आपली वाट पाहील. आम्हांस एकदा पाहावी लागली तशी त्याची वाट कोणास पाहावी लागू नये.