तुरळक ठिकाणी

फाल्गुन लागला की आमच्या धार नगरीत दोन प्रकारचे गहू वाट पाहत असतात. एक शेतात उभा, कापणीची. दुसरा घरात कोठीत, भिजण्याची. दोघांनाही हवे असते ते एकच, कोरडे ऊन.

वाचक भगिनींना सांगावयास नको की कुरडई हे उतावळ्याचे काम नव्हे. सोमवारी गहू भिजत घातला, की रोज पाणी बदलीत तीन दिवस जातात. गुरुवारी तो वाटून चीक काढावयाचा, रात्रभर तळाशी बसू द्यावयाचा, वरचे पाणी ओतून शुक्रवारी सकाळी शिजवावयाचा, आणि गरम आहे तोवर सोऱ्यात घालून कापडावर कुरडया पाडावयाच्या. पुढे दोन दिवस कडक ऊन. म्हणजे सोमवारी पातेल्यात गहू ओतणारी गृहिणी शुक्रवार-शनिवारच्या आभाळाशी पैज लावीत असते, आणि भिजलेला गहू तर काही केल्या मागे फिरत नाही. आमच्या मातोश्री गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहत आणि ठरवीत. आता सूनबाईंच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात पुढच्या सात दिवसांचा अंदाज.

यंदा रविवारी तो अंदाज स्वच्छ होता. मंगळवारी शुक्रवारसमोर एक ढग उमटला. बुधवारी त्या ढगाखाली 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' ही पिवळी सूचना आली. गुरुवारी सकाळी ढग शनिवारवर सरकला आणि सायंकाळी पुन्हा शुक्रवारवर येऊन बसला. घरात चेष्टेला ऊत आला. आम्हीही तीत सामील होतो, हे कबूल केले पाहिजे.

वास्तविक चेष्टेचे कारण नव्हते. या दिवसांत भूमध्य सागराकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानावरून आपल्या वायव्येस येतात. त्यांच्या प्रभावाने राजस्थानाकडे वारे चक्राकार फिरू लागले, त्यांना अरबी समुद्राचे बाष्प मिळाले आणि खाली जमीन तापलेली असली, की दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. पौष-माघात हाच पाऊस मावठा म्हणून येतो तेव्हा गव्हाला अमृत. फाल्गुनात तोच वैरी. झंझावात येत आहे, हे काही दिवस आधी कळते. पण एकेक ढग काही कोसांचाच. तो कोणत्या गावावर फुटेल हे रडारवर दिसू लागल्यावर, म्हणजे दोन-तीन तास आधीच काय ते सांगता येते. त्यातून अंदाज असतो जिल्ह्याचा, आणि आमचा जिल्हा म्हणजे वर बदनावरपर्यंत माळव्याचे पठार आणि घाट उतरून खाली मनावर-धरमपुरीकडचे निमाड. एका ओळीत दोन हवामाने बसवावयाची!

चूक झाली ती आमचीच. मांडूच्या रस्त्याला आमची थोडी जमीन आहे. ती बटाईने करणारे गृहस्थ बुधवारी संध्याकाळी विचारावयास आले. हार्वेस्टरची पाळी रविवारी होती. तोवर थांबावे, की मजूर लावून जमेल तेवढा गहू कापून ताडपत्रीखाली घालावा? आम्ही चष्मा पुसून अंदाज वाचला आणि म्हणालो, "तुरळकच आहे, मजुरीचा खर्च कशाला?" आमच्या वाचनावर विश्वास ठेवून ते परत गेले.

हवामान खात्याच्या भाषेत या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. भोपाळच्या हिंदी पत्रकातले 'कहीं-कहीं' काय, आपले 'तुरळक ठिकाणी' काय, त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, एवढेच तो सांगतो. २६ ते ५० टक्के असले तर 'काही ठिकाणी'. ही मोजदाद जागांची आहे. जेथे पडेल तेथे किती पडेल, याची नव्हे. आम्ही 'थोड्या ठिकाणी पाऊस' याचे 'थोडा पाऊस' करून टाकले. पिवळ्या रंगाचा अर्थही 'लक्ष ठेवा' असा आहे, 'निश्चिंत निजा' असा नाही.

शुक्रवारी धारमध्ये लख्ख ऊन होते. चार वाजेपर्यंत कुरडया उलटूनही झाल्या. दक्षिणेला आभाळ काळे दिसत होते. 'आपल्याकडे काही येत नाही' म्हणून गच्चीवर समाधान व्यक्त झाले. दिवेलागणीला शेतावरून फोन आला. तेथे वीस मिनिटे गारा पडल्या होत्या. उभा गहू आडवा झाला, ओंब्या झडल्या, आणि चिखल सुकेपर्यंत हार्वेस्टर आत जाणे शक्य नव्हते. जो गहू वाचला त्याचीही चमक जाणार, म्हणजे मंडीत भाव पडणार. २०२३ च्या मार्चमधील पावसाने हेच केले होते. तेव्हा सरकारला मध्य प्रदेशात खरेदीचे निकष सैल करावे लागले होते.

बटाईत अर्धा वाटा त्यांचा, अर्धा आमचा. अंदाज वाचला आम्ही आणि नुकसान मात्र दोघांचे सारखे, हा हिशेब घरात कोणालाच पटेना. "अहो, यंदा वाटा मागायचा नाही," असे सौभाग्यवतींनी सांगितले, आणि आम्हांला दुसरे काही सुचलेही नव्हते. हे लिहून झाले की तेवढे सांगावयास जायचे आहे. बरोबर कुरडयांचा डबा न्यावा की नेऊ नये, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.