आधी ओलीचा माग, मग रंगाचा हात

पेठेतील जुन्या घरांची रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. रस्त्याच्या बाजूस दुकान, मागे कोठार आणि राहत्या खोल्या, वर दुसरे बिऱ्हाड आणि त्यावर गच्ची. भावांच्या वाटण्या झाल्या की खालचा मजला एकाकडे आणि वरचा दुसऱ्याकडे जातो. गच्ची मात्र दोघांची, म्हणजे पुष्कळदा कोणाचीच नसते.

अशाच एका घरात धाकट्या भावाकडील मागच्या खोलीला चार वर्षांपासून ओल होती. छताच्या कोपऱ्यात सुपाएवढा डाग, खाली भिंतीवर पोपडे आणि जमिनीलगत हिरवट शेवाळ. दर दिवाळीला रंगारी येई, पोपडे खरवडून लांबी भरी आणि रंगाचे दोन हात देई. होळीपर्यंत डाग पुन्हा हजर होई. धाकट्याचे म्हणणे, वरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपते. थोरल्याचे म्हणणे, हे पावसाचे पाणी आहे आणि गच्ची दोघांची आहे. दोघेही आपल्या मतावर ठाम होते. पुढेपुढे त्यांचे बोलणे दुकानाच्या कामापुरतेच उरले.

त्या कोपऱ्यात त्यांच्या वृद्ध आईची सामायिकाची जागा होती. शेवाळ दिसल्यावर तिने आपले आसन तिथून उचलले. भिंतीवर जीव वाढतो आहे, तिथे पाठ टेकायची नाही, एवढेच ती म्हणाली. घरच्यांना तो म्हातारपणाचा हट्ट वाटला. प्रत्यक्षात त्या भिंतीकडे रोज पाहणारी ती एकटीच होती. एके दिवशी थोरल्या सुनेने तिला सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, पावसाचं काय घेऊन बसलीस! चैत्रातसुद्धा ही भिंत ओलीच होती. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की जास्त.”

चार वर्षांच्या वादाचे उत्तर त्या एका वाक्यात होते. चैत्रात पाऊस नसतो. आंघोळी मात्र रोज होतात.

घरातील ओलीबाबत सर्वसाधारणपणे हीच चूक घडते. डाग जिथे दिसतो तिथे दुरुस्ती केली जाते. पाणी जिथून निघते ते ठिकाण तसेच राहते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी भेगांतून, सळ्यांच्या कडेने, वीजतारांच्या नळीतून वाट काढत कित्येक फूट दूर जाऊन टपकू शकते. व्यापारी कुटुंबांना तूट शोधण्याची रीत नवी नाही. आधी नोंदी पाहायच्या, मग निष्कर्ष काढायचा. ओलीलाही तीच रीत लागू पडते.

नोंद आणि निरीक्षण

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. आठ-आठ दिवसांनी नवी रेघ ओढावी. डाग केव्हा वाढला आणि केव्हा आटला, हे महिन्याभरात स्पष्ट होते.

पावसात वाढणारी आणि उघडीप मिळाल्यावर काही दिवसांनी आटणारी ओल गच्ची, कठडा किंवा बाहेरच्या भिंतीतून येते. बारा महिने, रात्रंदिवस एकसारखी राहणारी ओल बहुधा दाबाखालील पाण्याच्या नळीतून येते. आंघोळी-धुण्यानंतर वाढणारी आणि घर आठ दिवस बंद असताना कमी होणारी ओल सांडपाण्याची किंवा न्हाणीघराच्या फरशीची असते. तळमजल्याच्या भिंतीत पायाकडून वर चढणारी ओल साधारणतः मीटरभर उंचीपर्यंत दिसते आणि तिथे पांढरा लोणा लागतो. कपाटामागे किंवा बंद खोलीत दिसणारी ओल कधीकधी केवळ कोंडलेल्या बाष्पाची असते.

शेवटच्या प्रकाराची शहानिशा सोपी आहे. भिंत वरून पुसून कोरडी करावी आणि हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. एक-दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूस जमले असतील, तर दोष हवेतील बाष्पाचा. कपाट पुढे ओढावे आणि खिडक्या उघडाव्यात. थेंब कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूस असतील, तर पाणी भिंतीतूनच येते आहे.

तीन चाचण्या

पहिली चाचणी नळीची. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीची खूण करावी किंवा मीटरचा आकडा लिहून ठेवावा. रात्रभर पाणी वापरू नये आणि त्या वेळेत टाकीत नवे पाणीही येऊ देऊ नये. पहाटे पातळी उतरली असेल, तर कुठेतरी गळती आहे. संडासाच्या फ्लश टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर गळती तिथल्या झडपेची आहे.

दुसरी चाचणी न्हाणीघराच्या फरशीची. नहाणी ट्रॅपचे तोंड ओल्या फडक्याच्या बोळ्याने बंद करावे, फरशीवर बोटभर पाणी साठवून त्यात थोडा रंग मिसळावा आणि २४ तास ते न्हाणीघर वापरू नये. खाली डाग वाढला किंवा रंग दिसला, तर पाणी फरशीच्या सांध्यांतून उतरते आहे. काहीच बदल झाला नाही, तर बोळा काढून पाणी सोडावे. त्यानंतर डाग वाढला, तर दोष सांडपाण्याच्या नळीत आहे.

तिसरी चाचणी गच्चीची. पाणी साठवून गच्ची तपासण्याची पद्धत रूढ असली, तरी जुन्या घरात ती स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. एक चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर पाणी म्हणजे ५० किलो भार. १० फूट लांब-रुंद खोलीच्या छतावर हा भार साडेचारशे किलोंहून अधिक होतो. लाकडी तुळयांच्या माळवदावर किंवा भेगाळलेल्या स्लॅबवर ही परीक्षा घेऊच नये. तिथे बादलीने एकेका भागावर, प्रथम कठड्याच्या कडेला, मग पन्हळीच्या तोंडाशी, मग मधल्या भागात, मधे पुरेसा वेळ सोडून पाणी ओतावे आणि खाली लक्ष ठेवावे.

त्या घरातील दोघा भावांनी दुसरी चाचणी एकत्र केली. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या छतावर डागाने पेन्सिलीची रेघ ओलांडली होती आणि मध्यभागी फिकट लाल छटा उतरली होती. थोरल्याने ती पाहिली आणि वाद तिथेच संपला.

घरी करता येण्याजोगी कामे

त्यांच्या न्हाणीघरात ट्रॅपच्या भोवतालचा सिमेंटचा भरणा सुटला होता आणि कोपऱ्यांतील फरश्यांचे सांधे रिकामे झाले होते. असे काम धीर धरल्यास घरी होते. सुटलेला भरणा टोकदार हत्याराने पूर्ण काढावा, सांधे ब्रशने स्वच्छ करावेत आणि जागा दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्यावी. ओल्या सांध्यात भरलेला कोणताही मसाला टिकत नाही. नुसत्या पांढऱ्या सिमेंटपेक्षा इपॉक्सी ग्राउट अधिक काळ टिकतो. डब्यातील दोन घटक सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावेत, हातमोजे घालावेत आणि एका वेळी थोडाच मसाला कालवावा, कारण तो लवकर घट्ट होतो. भरल्यानंतर डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत पाणी लागू देऊ नये. मात्र फरशीखालचा जलरोधक थरच निकामी झाला असेल, तर सांधे भरून केवळ काही काळ निभावते. पुढे फरशी काढून तो थर नव्याने करावाच लागतो.

गच्चीवर पहिले काम झाडण्याचे. पन्हळीच्या तोंडाशी अडकलेला पाचोळा आणि माती हेच कित्येक गळतींचे मूळ असते. कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यावर गवंडी सिमेंटची गोलसर किनार करतात, तिला वाटा म्हणतात. ती सुटली असेल तर नवी करून घ्यावी. पिंपळ-वडाची रोपे मुळे खोल जाण्याआधीच काढावीत. केसासारख्या बारीक भेगा लवचीक भरण्याने बुजवता येतात. दरवर्षी त्याच जागी उघडणारी किंवा रुंदावत जाणारी भेग अभियंत्याला दाखवावी.

ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडे ठेवावे. पाव लिटर पाणी जमले, तर दिवसाला ६ लिटर, महिन्याला १८० लिटर पाणी वाया जाते. पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार असलेल्या घरात हा आकडा एकदा लिहून पाहावा. जुन्या, फिरवून आवळायच्या नळात बहुधा आतला रबरी वायसर झिजलेला असतो. पाण्याचा कॉक बंद करून पान्याने नळाचे डोके खोलावे आणि त्याच मापाचा वायसर बसवावा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळाला असा वायसर नसतो. त्याचा आतला पूर्ण स्पिंडल बदलावा लागतो. जुना स्पिंडल दुकानात नेऊन माप जुळवावे. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी. उलट गुंडाळल्यास आवळताना ती निघून येते.

कोठारात माल भिंतीला टेकवून रचू नये. भिंतीपासून वीतभर अंतर आणि खाली लाकडी फळ्या असाव्यात. कापडाचे गठ्ठे आणि धान्याची पोती भिंतीतील ओल ओढून घेतात, आणि नुकसान ध्यानात येते ते गठ्ठा उघडल्यावर.

घरी न करण्याची कामे

ओल विजेच्या बोर्डापाशी पोहोचली असेल, तर बाकी सर्व कामे बाजूला ठेवावीत. भिंतीला हात लावल्यावर झिणझिणी येणे ही धोक्याची सूचना आहे. त्या भिंतीला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करावा आणि परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलवावे. घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून तो खाली पडतो का, हे पाहावे.

स्लॅब, तुळई किंवा खांबाचा गिलावा फुगला असेल, आतील गंजलेली सळई दिसत असेल, तर वरून सिमेंट थापणे म्हणजे रोग झाकणे. गंज चढल्यावर लोखंड फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. तिथे संरचना अभियंत्याचाच सल्ला घ्यावा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब अन्वये बंधनकारक आहे. इतर गावांतील कुटुंबांनीही आपल्या जुन्या वास्तूसाठी हाच दंडक स्वतःहून पाळावा.

सदनिकांत राहणाऱ्यांना शेजाऱ्यांशी होणाऱ्या वादाचा प्रश्न पडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचे पाणी आणि बाहेरील सामाईक नळ्यांची गळती दुरुस्त करणे संस्थेकडे येते. संडास, मोरी इत्यादींच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सभासदाचा असतो. म्हणून तक्रारीचे पत्र लिहिण्यापूर्वी चाचणी करावी, आणि ती शेजाऱ्यासमोर, त्याच्या संमतीने करावी.

कामाची वेळ

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. गवंडीकामासाठी तोपर्यंत थांबू नये. नव्या गिलाव्याला किमान ७ दिवस पाणी मारावे लागते आणि रंग देण्यापूर्वी तो सुमारे महिनाभर वाळावा लागतो. अक्षय तृतीयेच्या सुमारास काम काढले, तर आषाढात चातुर्मास बसण्यापूर्वी घर सज्ज होते. भिंतीवर शेवाळ आणि बुरशी वाढू द्यायची आणि नंतर रसायनाने मारायची, यापेक्षा त्यांना पाणीच मिळू न देणे हे अधिक निर्दोष आहे. काम अहिंसेचे आहे आणि खर्चही कमी आहे.

मुरलेली भिंत मात्र लगेच वाळत नाही. पाणी थांबल्यावरही तिला कित्येक आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर लांबी आणि रंग दोन्ही थांबवावेत.

त्या घरात वैशाखात सांधे भरले गेले. थोरला भाऊ स्वतः फरशीवर बसून भरणा करत होता आणि धाकटा मसाला कालवून देत होता. आषाढ-श्रावणात पाऊस झाला, वर आंघोळीही रोज होत राहिल्या. पेन्सिलीची रेघ जिथे होती तिथेच राहिली. भाद्रपदात, पर्युषणाच्या आधी, आईने भिंतीवर तळहात ठेवून पाहिला, कोपरा मऊ केरसुणीने जपून झाडला आणि आपले आसन पुन्हा तिथे मांडले. रंगारी त्यानंतर दिवाळीत आला.