भिंतीवर टांगलेलं खोटं

माझं आडनाव शिंदे. गेल्या दिवाळीत सोलापुरातल्या माझ्या चुलतभावाने बैठकीच्या खोलीत एक भलीमोठी फ्रेम टांगली. वर सूर्य, मध्ये दोन तलवारी आणि खाली सोनेरी अक्षरांत कूळ, गोत्र, देवक. वंशावळ थेट महादजी शिंद्यांपर्यंत पोचलेली. विकणाऱ्याने फक्त आडनाव विचारलं होतं. आजोबांचं गाव विचारलं नाही, पणजोबांचं नाव विचारलं नाही. पाच हजार रुपये मात्र मोजून घेतले. ही सरळसरळ फसवणूक आहे.

महादजींचं ग्वाल्हेरचं घराणं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटलांचं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १८७३ साली जमखंडीत जन्मले. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेले आपल्या सोलापूरचे हुतात्मा जगन्नाथ, तेही शिंदे. सोलापूरच्या दलित कुटुंबात जन्मून, कोर्टात शिपायाची नोकरी करून पुढे मुख्यमंत्री झालेले सुशीलकुमारही शिंदेच. हे सगळे एकाच रक्ताचे म्हणणाऱ्याने मधल्या पिढ्यांचे कागद आधी टेबलावर ठेवावेत.

पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर वतनाची कामं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मराठा पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, मुसलमान पाटीलही आहेत. बार्शीकर म्हणजे पूर्वज कधीतरी बार्शीचे होते, एवढंच. त्यातून जात कळत नाही आणि कूळही कळत नाही. जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. सोयरीक जुळवताना ती देवक विचारायची, नुसत्या आडनावावर भाऊबंदकी ठरवायची नाहीत.

लहानपणी अक्कलकोटकडच्या आमच्या गावी वंशावळ सांगणारा हेळवी यायचा. ओट्यावर बसून वही उघडायचा. आधी मूळ गाव सांगायचा, मग भावकी कुठे फुटली, दुष्काळात कोण कुठे गेलं, हे बाप-लेकांच्या नावांनिशी वाचायचा. आजोबा नव्या नातवांची नावं तिथेच लिहून घ्यायला लावायचे आणि त्याच्या झोळीत ज्वारी घालायचे. त्या वहीला गाव होतं, माणसं होती. या फ्रेमला काय आहे? सोनेरी शाई.

मूळ शोधायचंच असेल तर कष्ट करा. गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काढा, जुने फेरफार काढा, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर बघा, मोडी वाचणारा गाठा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा कुणबी नोंदींसाठी असलीच जुनी दप्तरं उपसावी लागली. नुसत्या आडनावावर तिथे कुणबी दाखला निघत नाही. नोंद लागते आणि त्या नोंदीशी आपलं नातं सिद्ध करावं लागतं.

आणि त्या फ्रेममध्ये आमची आजी कुठे आहे? १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडून तिने चार लेकरं जगवली. ती जगली म्हणून आम्ही आहोत. पण तिचं माहेरचं आडनाव वेगळं, म्हणून तिला एक ओळही नाही. ज्या वंशावळीत महादजी बसतात आणि पोटाला घालणारी बाई बसत नाही, ती वंशावळ माझी नाही.

घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर आज त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. आजीचं, पणजीचं माहेर, गाव, नाव लिहून घ्या. ती माणसं गेली की ते सांगायला कुणी उरत नाही.