कोड उघडा, किल्ली आपली

ओपन सोर्स अ‍ॅपचा कोड सगळ्यांना वाचता येतो, मग चोरालाही येणारच, हा आक्षेप नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरातही ऐकू येतो, पुण्यातही. त्याचं उत्तर गुप्तलिपीचे अभ्यासक ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच दिलं आहे: गुप्तलिपीची रचना शत्रूच्या हाती पडली तरी गुप्तता किल्लीच्या बळावर टिकली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपनं 2016 मध्ये सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिलं, तेही सिग्नलच्या खुल्या प्रोटोकॉलवर. म्हणजे हा आक्षेप व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरतो तोच या उघडेपणाच्या आधारानं.

‘पण तो कोड आमच्याकडे वाचणार कोण?’ आपण वाचणार नाही, हे खरंच. मात्र जगात कुठंतरी एकानं वाचला तरी पुरतं. मार्च 2024 मध्ये लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड यांनी फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या खुल्या साधनातला चोरदरवाजा पकडला. कोड बंद असता तर शंका शंकाच राहिली असती.

पण म्हणून ‘खुलं ते सुरक्षित’ म्हणणाऱ्यांचंही खरं मानू नये. वेबसाइटींचं एन्क्रिप्शन सांभाळणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन वर्षं पडून होता. सापडला 2014 मध्ये. टेलिग्रामच्या अ‍ॅपचा कोड खुला आहे, पण सर्व्हरचा बंद, आणि नेहमीचं चॅट एंड-टू-एंड नाही.

तेव्हा तुलना करायची ती एका प्रश्नावर: अ‍ॅप आपलं काय स्वतःकडे ठेवतं? 2016 मध्ये अमेरिकेत समन्स आलं, तेव्हा सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. ओटीपीचे कोड तयार करणारं एजिस इंटरनेटची परवानगीच मागत नाही. कीपासडीएक्स पासवर्ड फोनमधल्या फाइलीत कुलूपबंद ठेवतं. पण हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेत फोन हरवला आणि फाइलीची दुसरी प्रत नसली, तर सगळं गेलं. तिथं बिटवॉर्डन सोयीचं, कारण त्याच्या सर्व्हरवर एन्क्रिप्टेड प्रत असते. मुख्य पासवर्ड मात्र विसरून चालत नाही.

खुल्या अ‍ॅपांचं भांडार असलेलं एफ-ड्रॉइड उत्तम, पण ते टाकताना ‘अनोळखी स्रोत’ची परवानगी द्यावी लागते. शेजारच्या हिंगोलीत 2025 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लग्नपत्रिकेच्या नावाच्या एपीके (अ‍ॅप बसवणाऱ्या) फाइलीनं एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. अशा फाइलींना हीच परवानगी हवी असते. म्हणून घरच्यांना ही अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच द्यावीत आणि ती परवानगी बंद ठेवावी.