जुने सुतारयंत्र घेताना



घरातला एखादा मुलगा सुतारकाम शिकतो आणि शेतीला जोड म्हणून छोटे दुकान काढायचे ठरते. नव्या यंत्राला पैसा पुरत नाही, म्हणून जुने पाहतात. त्यात गैर काही नाही. पण बैल घेताना आपण दात पाहतो, औताला जुंपून पाहतो. यंत्र घेताना मात्र ताज्या रंगाला भुलतो. तसे करू नका.

रंधा, गोल करवत आणि भोक पाडणे अशी तिन्ही कामे करणाऱ्या साध्या यंत्रांत बहुधा एकच शाफ्ट असतो. मध्ये रंध्याची पाती, एका टोकाला करवत, दुसऱ्या टोकाला गिरमिट. शाफ्ट बिघडला की तिन्ही कामे बिघडली. म्हणून आधी तोच तपासा. वीज तोडून, पट्टा काढून तो हाताने फिरवा, वर-खाली हलवा. खरखर आली किंवा ढिला लागला, तर बेअरिंग गेले समजा. बेअरिंग नवे बसवता येते. पण शाफ्टच झिजला असेल तर सौदा सोडा. पाती आवळायचे बोल्टही पाहा. आटे झिजले असतील तर चालू यंत्रातून पाते सुटून माणसाच्या अंगावर येते.

मग घरून नेलेल्या दोन फळ्यांच्या कडा त्या यंत्रावर रंधून घ्या. कडेवर कड ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर टेबल किंवा पाती सरळ नाहीत. यंत्र पंधरा मिनिटे चालवा, पूर्ण थांबल्यावरच बेअरिंगच्या घराला हात लावा. चटका बसत असेल तर दोष आहे.

मोटारीवरची पट्टी वाचा. दोन हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे दीड किलोवॅट. मोटार थ्री फेज असेल आणि तुमच्याकडे सिंगल फेज, तर मोटार बदलण्याचा खर्च किमतीत धरा. शेतीपंपाच्या जोडणीवर दुकान चालवू नका. ते बेकायदा आहे, दंड होतो. दुकानासाठी वेगळी जोडणी आणि चांगले अर्थिंग घ्या. गोल ओंडके चिरायचे असतील तर आधी वनखात्याकडे परवान्याची चौकशी करा.

करवतीवरचे झाकण पुष्कळदा मालकाने काढून टाकलेले असते. ते मागून घ्या, नसेल तर करून घ्या. उपरणे, सैल बाह्या, हातमोजे घालून यंत्रावर उभे राहू नये. फुटापेक्षा आखूड तुकडा रंध्यावर धरू नये. करवतीवर लाकूड शेवटी काठीने ढकलावे, बोटाने नव्हे. दुकान घरालगत असेल तर काम संपताच मेन स्विच बंद करा. घरात लेकरे असतात.

पावतीवर यंत्राचा व मोटारीचा नंबर लिहून घ्या आणि मगच पैसे मोजा. चार पैसे जास्त गेले तर पुढच्या हंगामात भरून येतात, तुटलेले बोट काही येत नाही.